लॅमिनायटिसचा 'कोर्स' विकणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांना लॅमिनायटिस झाला, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला जोडणाऱ्या पदरांना सूज आली. खूर गरम, पायाची नाडी जोरात उडतेय आणि ती पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागे घेऊन उभी. खास नाल लावणारा म्हणून नाव ऐकलेला एक माणूस आला. नाल, पॅड, खूर वाढवायची पावडर असा पूर्ण कोर्स, पैसे आगाऊ. "आतलं हाड फिरलंय, काही आठवड्यांत जागेवर आणतो," म्हणाला.

नाल ठोकल्यावर त्याने 'ताकदीचं' इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने घोडीला चालवून व्हिडिओ काढला. चालली चांगली. दुसऱ्या दिवशी जागची हलेना. ते वेदनाशामक होतं, हे नंतर कळलं. कुपी त्याने सोबत नेली होती. दुखणं दाबून आजारी खुरांवर चालवलं, तर हाडाला धरून ठेवणारे सैल पदर आणखी फाटतात. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

मग त्याने 'आधीचा' आणि 'नंतरचा' एक्स-रे दाखवला. नंतरच्यात हाड अगदी सरळ. आमच्या पशुवैद्यांनी तो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "नाल कुठाय?" लोखंडी नाल आणि खिळे एक्स-रेत पांढरेशुभ्र दिसतात, इथे खिळ्याचीही खूण नव्हती, आणि घोडीच्या पायात नाल तर होते. तारीख नाही, डावा-उजवा नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी घोड्याचा एक्स-रे.

नाल काढले तेव्हा तळव्याच्या पुढच्या भागात रक्त साकळून काळपट डाग पडलेला. नाल नेमका तिथेच दाबत होता. खरं तर उलट हवं: खुराचं टोक मागे घ्यायचं, भार फ्रॉगवर (तळव्याच्या मधल्या त्रिकोणी, लवचिक भागावर) आणि मागच्या भागावर आणायचा, टाच किती ठेवायची ते एक्स-रे बघून ठरवायचं. त्याने काहीही मोजलं नव्हतं.

पावडर मी चाखली, गोड लागली. डब्यावर घटकांचा पत्ता नाही. लॅमिनायटिसच्या पुष्कळ घोड्यांत मूळ दुखणं वाढलेल्या इन्सुलिनचं असतं, तिथे साखर म्हणजे आगीत तेल. रक्ततपासणीचं त्याने नावही काढलं नव्हतं.

खुराची भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. पुढचा भाग नवा यायला 9 ते 12 महिने जातात. काही आठवड्यांत खूर पूर्ववत करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नाल लावण्याआधी आणि नंतर एक्स-रे तुमच्या पशुवैद्यांकडूनच काढून घ्या, त्यावर तारीख, घोड्याचं नाव आणि पाय लिहून घ्या. पशुवैद्यांशी बोलायला तयार नसलेल्या नालबंदाला खुराला हात लावू देऊ नका. इंजेक्शन कुणीही देवो, कुपी मागून घ्या.

पैसे परत मागितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. ते नाल, तो डबा आणि दोन्ही एक्स-रे मी तक्रारीसोबत जोडले आहेत.