खाजणातल्या तळ्यात काय सोडावं: जिताडा की बोय?

रायगड-रत्नागिरीकडे खाडीलगत ज्यांची खाजण जमीन, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याची जमीन, पडून आहे, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लवकर काय वाढतं? उत्तर सोपं आहे, जिताडा. पण मी आधी विचारेन, रोज खायला काय घालणार आणि ते कुठून आणणार? या दोन माशांची खरी तुलना वाढीत नाही, तोंडात आहे.

जिताडा पक्का मांसाहारी. पिल्लू असताना थोडंफार वनस्पती-प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) त्याच्या पोटात सापडतं, मोठेपणी मात्र कोळंबी, खेकडे आणि मासे एवढंच. स्वतःच्या लांबीच्या साधारण साठ टक्के लांबीचं भक्ष्य तो अख्खं गिळतो, आणि ते भक्ष्य त्याचा सख्खा भाऊही असू शकतो. म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) लहान असताना मापानुसार प्रतवारी चुकवून चालत नाही. हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत, एका मापाची सोडली तरी पंधरवड्यात दोन-चार दांडगी निघतात, बाकीची कमी होत जातात आणि मेलेली मात्र कुठे दिसत नाहीत. खाद्य द्यायचं सकाळी आणि संध्याकाळी, तेही जरा जरा टाकत. खाद्याची गोळी पाण्यातून खाली जात असतानाच तो झडप घालतो, तळाशी बसलेली सहसा उचलत नाही. घाईघाईने बादली उपडी केलीत तर पैसे चिखलात गेले.

बोय याच्या अगदी उलट. चिखलावरचा कुजका थर, शेवाळ, डायटम (डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म शेवाळ) हेच तिचं जेवण. ताजी बोय साफ करताना जठर बोटांनी दाबून पाहा, कोंबडीच्या पेट्यासारखं कडक लागतं. गिळलेल्या रेतीच्या मदतीने खाणं त्यातच भरडलं जातं. आतडं तर उलगडत गेलं की संपतच नाही. अशा माशासाठी उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरतीचं पाणी घेतलं, शेणखत टाकून शेवाळ धरू दिलं आणि वरून थोडा कोंडा-पेंड दिली तरी तळं चालतं.

आता वाढ. नीट खायला मिळालं तर जिताडा वर्षभरात साधारण अर्धा ते एक किलो होतो, पुढच्या वर्षी दोन किलोच्या आसपास जाऊ शकतो. बोय आपल्याकडच्या साध्या तळ्यात वर्षाला पाव ते अर्धा किलो धरावी. एवढंच पाहिलं तर जिताडा जिंकला. पण किलोभर जिताडा तयार करायला चांगलं गोळीखाद्य दीड ते दोन किलो लागतं, आणि ताजी बारीक मासळी घातली तर चार किलोपासून पुढे कितीही. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा ही मासळी आणणार कुठून, याचा हिशेब आधी करा. भाव जिताड्यालाच जास्त, यात वाद नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात पाहुण्याच्या ताटात जिताडा पडला की यजमानाची मान ताठ होते.

पाण्याबाबत दोघेही सोशिक. उन्हाळ्यातलं खारट आणि पावसाळ्यातलं जवळजवळ गोडं, दोन्ही चालवून घेतात. रायगडात तर लोक घराजवळच्या गोड्या तळ्यातही जिताडा पोसतात. गाबोळीची आशा धरून मात्र जिताडा पाळू नका. तो आधी नर असतो आणि मादी व्हायला सहसा सहा-सात वर्षं लागतात. विक्रीच्या मापाचा बहुतेक नरच.

खाद्याला रोज पैसे घालायची तयारी, विश्वासू राखणदार आणि जवळ गिऱ्हाईक असेल तर जिताडा घ्या. ज्याला आठवड्यातून दोनदाच तळ्यावर जाता येतं, त्याने बोयच घ्यावी. दोन्ही एकत्र सोडायचा मोह होतो, पण बोय मापाने बरीच मोठी नसेल तर तुम्ही जिताड्याला महागडं खाद्य घालताय एवढंच.

बीजाचंही, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांचंही, पाहा. जिताड्याचं बीज हॅचरीतून मिळतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचं बंदिस्त प्रजनन साधलं. बोयचं बहुतांश अजूनही खाडीतून धरलेलं असतं आणि त्यात चार जातींची सरमिसळ असते. बारीक असताना सगळी सारखीच दिसतात, पुढे काही जाती वितीएवढ्यावरच थांबतात. त्यामुळे बीज धरणाऱ्या कोळ्याला आधीच सांगून ठेवा की मोठी होणारी बोयच हवी, आणि पैसे बीज निवडून झाल्यावरच द्या.