काँगोवरचे 4 रविवार: पैशाचा तास उत्तम, युद्धाचा तास उणा

पुण्यात व्याख्यानमालांना तोटा नाही. परंतु काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे शासन आणि अर्थकारण या एकाच विषयावर 4 रविवार, प्रत्येकी 2 तास आणि तेही 1,200 रुपये शुल्क घेऊन कोणी अभ्यासवर्ग चालवत असेल, तर तिथे श्रोते किती येतील, अशी शंका टिळक रस्त्याजवळच्या त्या सभागृहाचा जिना चढताना माझ्या मनात होती. प्रत्यक्षात तीसेक माणसे हजर होती. निम्मी पेठांतल्या अभ्यासिकांमधून आलेली, स्पर्धा परीक्षांच्या तयारीतली मुले. उरलेल्यांत बहुतेक निवृत्त मंडळी, आणि त्यांत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून पूर्व काँगोतल्या गोमा शहरात राहून आलेले एक माजी सुभेदार. काही तक्रारीही नोंदवायच्या असल्याने संस्थेचे आणि वक्त्यांचे नाव येथे देत नाही.

पहिला रविवार इतिहासाचा होता आणि तो घाईत उरकला गेला. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने 1885 ते 1908 या काळात हा प्रदेश अक्षरशः खासगी मालमत्ता म्हणून राबवला, 30 जून 1960 रोजी स्वातंत्र्य मिळाले, काही दिवसांतच तांब्याने समृद्ध असलेला कटांगा प्रांत फुटून निघाला आणि जानेवारी 1961 मध्ये पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांची हत्या झाली, हे सारे पडद्यावरच्या चित्रफितीतून वाचून दाखवण्यात आले. सभागृह जागे झाले ते एकाच ठिकाणी. त्याच कटांगात, एलिझाबेथव्हिल म्हणजे आजच्या लुबुम्बाशी येथे, 5 डिसेंबर 1961 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय अधिकारी कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे छात्र होते, हे समोरच्या मुलांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या रविवारी मात्र शुल्क वसूल झाले. या दिवशी सरांनी चित्रफीत बंद ठेवली, खडू हातात घेतला आणि खाणीतून निघालेल्या मालाचा पैसा सरकारी तिजोरीपर्यंत कसा पोहोचतो व वाटेत कुठे झिरपतो, हे फळ्यावर रेघा ओढून दाखवले. जुनी बेल्जियन खाणकंपनी ताब्यात घेऊन हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीने उभी केलेली जेकामीन ही सरकारी कंपनी 1980 च्या दशकाच्या मध्यास वर्षाला साडेचार लाख टनांहून अधिक तांबे काढत होती. पुढे ते उत्पादन काही दहा हजार टनांवर घसरले. राज्यकर्त्यांनी म्हैस शेवटच्या थेंबापर्यंत पिळली आणि पेंड मात्र घातली नाही, असे सरांनी म्हटले. यंत्रे जुनी होत गेली, दुरुस्तीचा पैसा राजवटीच्या मर्जीतल्या माणसांकडे वळला आणि 1990 मध्ये कामोटोची मोठी भूमिगत खाणच खचली. 1998 मध्ये पेटलेले मोठे युद्ध संपत आले असताना 2002 मध्ये परकी कंपन्यांना सवलती देणारा खाणकायदा आला. 2018 मध्ये तो कडक करण्यात आला. तांब्यावरील स्वामित्वधन, म्हणजे खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम, साडेतीन टक्के झाले आणि मोक्याचे खनिज ठरवलेल्या, बॅटऱ्यांत लागणाऱ्या कोबाल्टवर 10 टक्के. जगातल्या खाणींतून निघणारे सुमारे 70 टक्के कोबाल्ट एकट्या या देशातून येत असल्याने ही रक्कम किरकोळ नाही. कायद्यानुसार तिच्यापैकी 50 टक्के केंद्राला, 25 प्रांताला, 15 स्थानिक संस्थेला आणि 10 टक्के भावी पिढ्यांच्या निधीला जायला हवेत. यावर एका विद्यार्थिनीने आपल्याकडच्या, खाणकायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने आलेल्या, खाणबाधित भागांसाठी निधी राखणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची आठवण काढून चंद्रपूर आणि गडचिरोलीबद्दल नेमका प्रश्न विचारला. त्यातून रंगलेली अर्ध्या तासाची चर्चा हा माझ्या मते संपूर्ण वर्गाचा सर्वोत्तम भाग होता.

तिसऱ्या रविवारचा विषय शासन हा होता. 2006 च्या राज्यघटनेने प्रांतांना राष्ट्रीय महसुलाचा 40 टक्के वाटा, तो गोळा होतो तिथेच, राखून ठेवण्याचा हक्क दिला. 2015 मध्ये 11 प्रांतांचे 26 झाले, पण तो वाटा राजधानी किन्शासाकडून पूर्ण कधी सुटलाच नाही. घटनेत नसलेले आणि तरीही प्रत्येकाच्या तोंडी असलेले ‘कलम 15’ सरांनी फार छान समजावले: आपापले बघून घ्या, एवढाच त्याचा मजकूर. शिक्षकाचा पगार वर्षानुवर्षे पालक देत आले, शिपाई रस्त्यावर वसुली करतो आणि बँकांतल्या ठेवी बहुतांशी डॉलरमध्ये असतात, ही सगळी त्या कलमाचीच अंमलबजावणी.

माझी खरी तक्रार चौथ्या रविवारबद्दल आहे. ‘खनिजे म्हणून युद्ध’ हे एकच सूत्र सरांनी दोन तास ताणले, आणि ते त्यांच्याच भिंतीवरच्या नकाशाशी जुळत नव्हते. तिजोरी भरणारे तांबे आणि कोबाल्ट आग्नेयेकडील लुआलाबा व हौत-कटांगा प्रांतांत निघते. लढाई चालू आहे ती तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला, रुवांडाच्या सीमेवरच्या किवू भागात, जिथे कोल्टन (इलेक्ट्रॉनिक उपकरणांत लागणारे खनिज), कथील आणि सोने आहे. किवूमधल्या जमिनीचे तंटे, रुवांडी भाषिकांच्या नागरिकत्वाचा जुना प्रश्न आणि 1994 च्या रुवांडातील नरसंहारानंतर सीमा ओलांडून आलेले निर्वासित व सशस्त्र टोळ्या यांना मिळून जेमतेम 10 मिनिटे देण्यात आली. एम 23 या बंडखोर गटाने जानेवारी 2025 मध्ये गोमा आणि पुढच्याच महिन्यात किवूतलेच बुकावू शहर घेतले, त्याआधी एप्रिल 2024 मध्ये रुबायाच्या कोल्टन खाणींवर ताबा मिळवला आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालानुसार तिथे महिन्याला किमान 8 लाख डॉलरची करवसुली चालवली, हे तपशील आले खरे. पण खनिजांवर युद्ध पोसले जाणे निराळे आणि खनिजांमुळे ते पेटणे निराळे, हा भेद राहूनच गेला. तो दाखवला सुभेदारसाहेबांनी. रस्त्यावर आडवा दोर बांधून बसलेली माणसे कोळशाच्या पोत्यावर, केळीच्या घडावर, सायकलवरही पैसे घेत असत आणि त्या वाटेवर खाण असेलच असे नव्हते, असे त्यांनी शांतपणे सांगितले. सरांनी ते ऐकून घेतले आणि पुढच्या चित्राकडे वळले, याचे वाईट वाटले.

किरकोळ बाबीही सांगतो. छापील टिपणात तेलनिर्यातीचा आकडा नदीपलीकडच्या, ब्राझाव्हिल राजधानी असलेल्या दुसऱ्याच काँगोचा आहे. शहरातल्या प्रत्येक विजेच्या बसच्या बॅटरीत कोबाल्ट असते, हे विधानही चुकीचे. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत ते मुळीच नसते. ध्वनिमुद्रण देण्याचे आश्वासन होते, ते महिना उलटूनही मिळालेले नाही. चहा मात्र वेळेवर आणि आले घातलेला होता.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. मला विचाराल तर नाव जरूर नोंदवा, दुसरा रविवार कोणत्याही कारणाने चुकवू नका, आणि चौथ्या रविवारी नकाशा नीट दिसेल अशी पुढची खुर्ची धरून प्रश्न लिहूनच न्या.