गोरी त्वचा आणि ठाणे-नवी मुंबईचे ऊन : थंड देशातला दिनक्रम इथे कितपत चालतो?

सहा वर्षे एडिनबर्गमध्ये काढून माझी भाची मागच्या फेब्रुवारीत नेरूळला परतली, तेव्हा तिच्या बॅगेत चेहऱ्यासाठीच्या सात बाटल्या, ट्यूब आणि बरण्या होत्या. तिथे त्या सातांनी तिला उत्तम साथ दिली होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र कपाळावर बारीक पुरळ, मानेमागे घामोळे आणि उजव्या गालावर न जाणारा लालसरपणा अशी अवस्था झाली, आणि "मावशी, यातले काय ठेवू आणि काय टाकू?" असा तिचा फोन आला. कातडी आमच्या दोघींची एकाच जातीची, सायीच्या रंगाची आणि नाकावर तपकिरी ठिपके असलेली. म्हणून तिच्यासाठी केलेली ही तुलना त्याच पेचात असलेल्या इतरांसाठीही मांडत आहे.

आपल्याकडे 'गोरी' हा शब्द कौतुकाने उच्चारला जातो. इथे त्याचा अर्थ त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी असणे एवढाच आहे. उन्हाने कातडीचे जे होते त्याला मराठीत दोन निराळे शब्द आहेत : गव्हाळ कातडी रापते, फार गोरी कातडी भाजते. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले ते याच भेदावर, म्हणजे उन्हात त्वचा किती भाजते आणि किती रापते यावर. घारे डोळे आणि ठिपके असलेली आपल्याकडची गोरी कातडी त्यांच्या मोजपट्टीवर साधारण तिसऱ्या, क्वचित दुसऱ्या प्रकारात बसते. अंगावर कोडाचे पांढरे डाग असतील, तर ते डाग मात्र सर्वांत लवकर भाजणाऱ्या प्रकारात धरावेत, मग उरलेली त्वचा कितीही सावळी असो.

पहिली तुलना उन्हाचीच केली पाहिजे. एडिनबर्ग ५६ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे आणि ठाणे १९ अंशांच्या थोडे वर. ठाण्यात ऐन डिसेंबरातल्या मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंच असतो; एडिनबर्गमध्ये तो तेवढा उंच ऑगस्टच्या मध्याला असतो. म्हणजे आपला हिवाळा हा त्वचेच्या दृष्टीने त्यांचा उन्हाळा आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण तीव्र आहेत, असा एक साधा ठोकताळा आहे, आणि ठाण्यात मध्यान्हीची सावली वर्षातल्या एकाही दिवशी आपल्या उंचीइतकी होत नाही. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला तर सूर्य थेट डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. शिवाय आपले घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचे अलाहाबाद) रेखांशाचे असल्याने इथली खरी मध्यान्ह मे महिन्यात साडेबाराच्या पुढे होते. त्यामुळे 'दहा ते चार ऊन टाळा' हा सरसकट सल्ला इथे अर्धा तास पुढे सरकवून वाचावा.

दुसरा फरक घामाचा आहे, आणि माझ्या मते निर्णय त्याच्यावरच ठरतो. थंड, कोरड्या, हीटर लावलेल्या घरात राहणाऱ्याचा सगळा दिनक्रम त्वचेतले पाणी आत राखण्यासाठी असतो. इथे पाणी बाहेर येण्याची तक्रार नाही, ते धारांनी येते. प्रश्न असतो तो वर लावलेले संरक्षण त्या धारांतून टिकवण्याचा. जे उत्पादन हे काम करते किंवा निदान त्यात अडथळा आणत नाही, ते ठेवावे.

मिनरल की केमिकल सनस्क्रीन?

मिनरल सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते, तर केमिकल प्रकारात अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन आणि अलीकडच्या उत्पादनांत टिनोसॉर्ब, युव्हिनुल यांसारखे घटक असतात. मिनरल प्रकार किरण आरशासारखे परतवतो आणि केमिकल प्रकार ते शोषतो, असे सर्रास सांगितले जाते, पण ते पुरते खरे नाही. झिंक आणि टायटॅनियमसुद्धा अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात. निवड या समजुतीवर करू नये.

निवडीसाठी खरे मुद्दे वेगळे आहेत. झिंकचा पांढुरका थर चेहऱ्यावर दिसतो म्हणून आपल्याकडचे बहुतेक ग्राहक ते नाकारतात आणि त्यांचे बरोबरही आहे. पण ही अडचण फार गोऱ्या त्वचेला जवळजवळ नाहीच. इतरांना जे चुन्यासारखे दिसते ते आमच्या चेहऱ्यात मिसळून जाते. उलट 'टिंटेड', म्हणजे रंग मिसळलेले सनस्क्रीन इथल्या बाजारात गव्हाळ रंगासाठी बनवलेले असते आणि गोऱ्या चेहऱ्यावर नारिंगी उठते. टिंटमधल्या आयर्न ऑक्साइडचा उपयोग दृश्य प्रकाश अडवण्यासाठी होतो, आणि त्या प्रकाशाने येणारा काळेपणा मुख्यत्वे गव्हाळ व सावळ्या त्वचेत दिसतो. त्यामुळे गालांवर वांग असेल तरच टिंटच्या मागे लागावे.

झिंकचा दुसरा गुण म्हणजे ते चुरचुरत नाही. केमिकल सनस्क्रीन घामाबरोबर कपाळावरून डोळ्यांत उतरते तेव्हा काय होते, हे ज्याने मे महिन्यात ठाणे स्टेशनाबाहेर रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटे काढली आहेत त्याला सांगायला नको. लवकर लाल होणारी, उष्णतेने तापणारी, रोझेशियाकडे (चेहरा वारंवार लाल होण्याच्या विकाराकडे) झुकणारी त्वचा असेल तर झिंकच बरे. मात्र त्याचा पोत जड असतो, ते पसरायला वेळ लागतो, आणि घाईत पातळ थर लावला तर त्याचा सगळा फायदा जातो. केमिकल जेल हलके असते, बोटभर घेतले तरी जिरते, आणि म्हणूनच पुरेसे लावले जाण्याची शक्यता अधिक असते. त्यात अ‍ॅव्होबेन्झोन असेल तर ते उन्हातच विघटित होते, म्हणून त्याला स्थिर ठेवणारा घटक सोबत आहे ना हे वेष्टनावर पाहावे. अ‍ॅव्होबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही जोडी टाळलेली चांगली. हे घटक काही प्रमाणात रक्तात उतरतात, असे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २०१९ आणि २०२० मधल्या चाचण्यांत दिसले, पण त्यातून अपाय होतो असे त्यांनी म्हटलेले नाही. त्या धास्तीने सनस्क्रीनच सोडणे गोऱ्या त्वचेला महागात पडेल.

भाचीसाठी मी मधला मार्ग सुचवला : कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि नाक यांवर झिंकची स्टिक, बाकी चेहरा, मान आणि कान यांवर घामात टिकणारे जेल. ज्यांना दोन वस्तू सांभाळायच्या नाहीत आणि दिवसाचा बहुतेक वेळ जे ऐरोली-घणसोलीच्या वातानुकूलित कार्यालयांत घालवतात, त्यांना एकटे जेल पुरेल. साइटवर उभे राहणाऱ्या इंजिनिअरने किंवा घरोघर फिरणाऱ्या विमा प्रतिनिधीने मात्र झिंककडेच वळावे.

एसपीएफ (डबीवरचा संरक्षणाचा आकडा) ३० की ५०, यावर फार वेळ घालवू नये. प्रयोगशाळेत पहिले अतिनील बी किरणांचा सुमारे ९७ टक्के भाग अडवते आणि दुसरे ९८ टक्के. ५० घेण्याचे खरे कारण इतकेच, की आपण सगळेच ठरल्यापेक्षा कमी लावतो आणि मोठा आकडा ती चूक थोडी झाकतो. एक गंमत अशी, की एसपीएफची चाचणी लवकर लाल होणाऱ्या गोऱ्या कातडीच्या स्वयंसेवकांवरच घेतली जाते, म्हणजे डबीवरचा तो आकडा आमच्यासारख्यांचाच आहे. तो आकडा मुख्यतः बी किरणांचा असतो; अतिनील ए किरणांसाठी डबीवरच्या 'पीए' या अक्षरांपुढच्या अधिकच्या (+) खुणा पाहाव्यात, आणि त्या चार असाव्यात.

किती पुरते, आणि कापड कुठे स्वस्त पडते

चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेले असते. चेहरा, मान आणि कान मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळेला सव्वा ग्रॅम लागते, म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा. सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर पडण्यापूर्वी एकदा असा हिशेब केला, तर ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम तीन आठवडे जाते. आपली ट्यूब तीन महिने पुरत असेल, तर ती काटकसर नव्हे, आपण उघड्या चेहऱ्याने फिरत आहोत. याच कारणाने मी महागडे आयात सनस्क्रीन घेऊ नये असे म्हणते : दोन हजारांची ट्यूब हात आखडून वापरली जाते, पाचशेची सढळ हाताने.

हातांचा हिशेब केला की कापडाचे महत्त्व कळते. कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हात झाकायला चेहऱ्याच्या दुपटीहून अधिक सनस्क्रीन लागते, आणि ते दोन तासांत पर्सच्या पट्ट्याला, लोकलच्या दांड्याला आणि रुमालाला लागून जाते. दुचाकीवरच्या बायका घालतात तो सनकोट हसण्यावारी नेला जातो, पण घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा असेल तर त्याच्याइतके स्वस्त आणि न पुसले जाणारे संरक्षण दुसरे नाही. मलमलीची ओढणी किंवा पातळ पांढरा सुती शर्ट मात्र दिसतो तितका कामाचा नसतो. पातळ पांढरे सुती कापड बरेच किरण आत सोडते आणि घामाने भिजले की आणखी सोडते. काळी छत्री वरून येणारे बहुतेक अतिनील किरण अडवते, पण आकाशातून विखुरलेले आणि बाजूने येणारे किरण तिच्याखाली येतातच, म्हणून छत्री असली तरी चेहऱ्याला सनस्क्रीन लागते. सकाळी सातच्या आत ज्वेल ऑफ नवी मुंबईत किंवा उपवनला फेऱ्या मारून घरी येणाऱ्याला यातले काहीच लागत नाही.

बाकीच्या बरण्या

शिआ बटरचे जाड क्रीम इथे जानेवारीचे दोन-तीन आठवडे सोडले तर निरुपयोगी आहे. त्याने घामाची तोंडे बुजतात आणि घामोळे येते. भाचीच्या मानेचा आजार तोच होता. त्याऐवजी ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल असलेले जेल रात्री पुरते, आणि सकाळी सनस्क्रीनखाली तेही गाळले तरी चालते. ती बरणी आता माझ्या आईच्या टाचांच्या भेगांसाठी वापरली जाते.

व्हिटॅमिन सीचे सीरम की रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार), हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, पण त्यांची वेळच वेगळी असल्याने ती खरी स्पर्धा नाही. व्हिटॅमिन सी सकाळी सनस्क्रीनखाली लावतात आणि ते उन्हाने होणारी हानी थोडी कमी करते. मात्र शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल उष्णतेत लवकर ऑक्सिडाइझ होते. एडिनबर्गच्या खिडकीत चार महिने टिकणारी बाटली नेरूळच्या बाथरूममध्ये महिन्याभरात चहाच्या रंगाची होते. लहान बाटली घेऊन ती फ्रिजमध्ये ठेवण्याची तयारी असेल तरच हा खर्च करावा.

रेटिनॉल रात्रीचे असले तरी त्याने त्वचेची सोलवटण्याची आणि चुरचुरण्याची प्रवृत्ती वाढते, आणि मार्च ते मे या काळात गोऱ्या चेहऱ्याला ते रोज झेपत नाही. खरी तुलना त्याची अझेलेइक आम्लाशी करावी. सुरकुत्यांसाठी रेटिनॉल सरस आहे यात शंका नाही. परंतु लालसरपणा, पुरळ आणि डाग या तिन्हींसाठी अझेलेइक आम्ल उपयोगी पडते, त्याने उन्हाची संवेदनशीलता वाढत नाही, आणि रेटिनॉल ज्या काळात वर्ज्य आहे त्या गरोदरपणातही डॉक्टर ते देतात. तिशीच्या आतल्या, लाल होणाऱ्या त्वचेसाठी मी ते निःसंकोच निवडेन. चाळिशीनंतर रेटिनॉल ठेवावे, पण उन्हाळ्यात आठवड्यातून दोनच रात्री. ग्लायकॉलिक आम्लाच्या टोनरला मात्र इथे जागा नाही, कारण त्याने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते.

घरगुती उपायांपैकी मुलतानी माती, डाळीचे पीठ यांबद्दल तक्रार नाही, फक्त गोरी, कोरडी कातडी त्यांनी ओढली जाते. लिंबाची साल चेहऱ्याला चोळून उन्हात जाणे मात्र घातक आहे. सालीतले सोरालेन नावाचे घटक उन्हाबरोबर त्वचा अक्षरशः भाजतात आणि मागे महिनोन्महिने तपकिरी डाग ठेवतात. दुकानदाराने 'डागांसाठी' म्हणून दिलेल्या मलमात स्टेरॉइड असू शकते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. गोऱ्या त्वचेवर त्यांचे परिणाम लवकर उघडे पडतात : कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात. एखादा तीळ मोठा होत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या होत असतील किंवा त्यातून रक्त येत असेल, तर यातले काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

पावसाळ्यात काय करावे, हा भाचीचा शेवटचा प्रश्न होता. दाट काळ्या ढगांत सवलत घेता येते, पण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग खाली येऊ शकतो, आणि जुलैच्या अखेरीस पावसाने उघडीप दिली तर तो सूर्य डोक्यावरचा असतो. तेव्हा सनकोट घडी करून ठेवला तरी जेल सुरू ठेवावे.

राहिला तिच्या उजव्या गालाचा लालसरपणा. ट्रान्स हार्बर हा लोकलचा मार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो. ती सकाळी नेरूळहून ऐरोलीला उत्तरेकडे जाते तेव्हा ऊन उजवीकडून येते, आणि संध्याकाळी दक्षिणेकडे परतते तेव्हा मावळतीचे ऊनही उजवीकडूनच येते. गाडीच्या दिशेने तोंड करून उजव्या खिडकीत बसले की दोन्ही वेळा तोच गाल उन्हात. मी पंधराहून अधिक वर्षे ठाण्याहून वाशीला गेले, म्हणजे नेमकी उलट दिशा, आणि माझ्या डाव्या गालावर उजव्यापेक्षा दुप्पट ठिपके आहेत. ती आता डावीकडची खिडकी पकडते.