३-इन-१ प्लायो बॉक्स: उडी वाढवायला घेताय तर आधी उंची बघा

व्हॉलीबॉल खेळते त्यामुळे नेटवर हात अजून वर कसा जाईल हे कायम डोक्यात असतं, त्यासाठीच हा प्लायोमेट्रिक म्हणजे उड्यांच्या व्यायामाचा लाकडी बॉक्स घेतला. २०, २४ आणि ३० इंच, म्हणजे फिरवून ठेवला की तीन उंच्या मिळतात. भरपूर वापरून झालाय.

मजबुतीला पूर्ण मार्क. प्लायवूड जाड आहे, आत आडवी फळी आहे त्यामुळे जोरात लँड झालं तरी करकरत नाही. बाजूला हात घालायला भोकं आहेत, एकटीला हलवता येतो. स्क्रू मात्र मधूनमधून टाईट करावे लागतात आणि ३० इंचावर उभा केला की पाया लहान होतो, पाय कडेवर पडला तर बॉक्स कलतो, खाली रबर मॅट हवीच.

आता खरा मुद्दा. जाहिरातीत सगळे ३० इंचावर उड्या मारताना दिसतात, पण बॉक्स उंच झाला म्हणजे उडी वाढली असं अजिबात नाही हो. गुडघे छातीपर्यंत ओढून घेतले की पाय वर पोचतात, कंबर मात्र तेवढीच उचललेली असते. खरी उडी मोजायची तर सार्जंट टेस्ट करा, १९२१ पासूनची पद्धत आहे, बोटाला खडू लावून भिंतीवर उभ्याने हात पोचतो तिथे खूण, मग उडी मारून दुसरी खूण, मधलं अंतर ती तुमची उडी.

उडी वाढवायला मला सगळ्यात भारी वाटते ती डेप्थ जंप, सोव्हिएत कोच वेरखोशान्स्की यांनी पुढे आणलेली. बॉक्सवरून नुसतं खाली पाऊल टाकायचं आणि जमिनीला पाय लागला रे लागला की लगेच वर. स्नायू आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) ताणले जातात आणि तो ताण लगेच वापरला तरच फायदा, जमिनीवरचा वेळ साधारण पाव सेकंदाच्या आत हवा. आणि इथेच हा बॉक्स कमी पडतो!! सगळ्यात कमी उंची २० इंच म्हणजे जवळपास ५१ सेंटीमीटर, नवीन माणूस तिथून उतरला की टाचा धप्पकन टेकतात, गुडघे खोल वाकतात, थांबून मग उडी निघते, म्हणजे डेप्थ जंप राहिलीच नाही. सुरुवातीला १२ इंच पुष्कळ. याच प्रकारात १२, १४, १६ इंचवाला लहान बॉक्सही मिळतो, नवीन असाल तर सरळ तोच घ्या.

सोबत आलेला चार्ट बघूच नका, रोज २०० उड्या लिहिल्यात, कमाल आहे! नवीन खेळाडूला एका सेशनला ८० ते १०० वेळा पाय टेकणं पुरे, मध्ये किमान ४८ तास गॅप, आणि जोडीला स्क्वॉट हवेतच, पायात ताकद नसेल तर नुसत्या उड्यांनी फार काही हलत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर उड्या थांबवा, ‘जंपर्स नी’ (jumper's knee) हे उड्या मारणाऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं तिथेच सुरू होतं. आणि बॉक्सवरून मागे उडी मारून उतरू नका, टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर उगाच लोड येतो, एकेक पाय टाकून उतरा.

पाचपैकी साडेतीन. स्क्वॉट नीट जमतात आणि लँडिंग शांत होतं अशांना बिनधास्त घ्या म्हणेन, शाळेतल्या पोरांसाठी नको.