कोटिक्यूल धारदगड: एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

दगडाचा कोपरा सुटलाय, म्हणून हे लिहायला बसलो. दगड फुटलेला नाही, झिजलेलाही नाही. कोटिक्यूल म्हणजे बेल्जियमच्या खाणीतला, सुऱ्यांना धार लावायचा पिवळा दगड. तो ज्या काळ्या स्लेटवर चिकटवून येतो, तो सांधा उघडलाय. डोळ्यासमोर आडवा धरला की दोन थरांमध्ये केसाएवढी फट दिसते. फडक्याने कोरडा करून ठेवला तरी थोड्या वेळाने त्या फटीतून पाणी झिरपतं. सुरी त्या कोपऱ्यावर आली की खालून टक् असा बारीक आवाज येतो. कोटिक्यूलचा थर ठिसूळ असतो. खालचा आधार गेला तर दाबाने तो कधी ना कधी मोडणारच. म्हणून या फटीला मी मामुली म्हणायला तयार नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की हा नैसर्गिक दगड आहे, त्यावर वॉरंटी नसते. दगड नैसर्गिक आहे हे मान्य, पण डिंक? तो तर माणसाने लावलाय. तसं परत लिहिलं, तर ‘दमट जागेत ठेवू नका’ असा सल्ला मिळाला. मी गोव्यात फोंड्याला राहतो. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. कोरडी जागा आणायची कुठून? आणि मुळात पाणी घालून वापरायची वस्तू ओलीने सुटत असेल, तर दोष हवेचा कसा? किंमत, कुरियर, वर कस्टम ड्यूटी, सगळं निमूट भरलं होतं. म्हणून राग जात नाही.

आता खुद्द दगडाबद्दल. पहिले काही आठवडे माझं मत वाईट होतं. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे घरात सुरी चालायची ती भाजीवर, आणि तीही स्टेनलेसची. ती या दगडावर कितीही घासली तरी टोमॅटोच्या सालीवरून घसरायची. नरम स्टेनलेसची बर, म्हणजे घासताना धारेवर उभी राहणारी पोलादाची बारीक किनार, चिवट असते. या बाजूने घासली की त्या बाजूला मुडपते, तुटून पडत नाही. शिवाय स्टेनलेसमधले क्रोमियमच्या कार्बाइडचे कण गार्नेट या खनिजापेक्षा कठीण, आणि कोटिक्यूल कापतो तो त्याच्यातल्या गार्नेटच्या कणांनीच. तेव्हा बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळणारा, एका बाजूला जाडा आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा कार्बोरंडमचा (कारखान्यात बनवलेला) दगड बरा, असं मी दोघा-तिघांना सांगूनही टाकलं होतं.

ऑगस्टमध्ये ते मत बदललं. बंदी उठली, इसवण घरी आली आणि लोहाराकडून गाडीच्या पाट्यापासून घडवून घेतलेली कार्बन स्टीलची सुरी बाहेर निघाली. आधी कार्बोरंडमच्या बारीक बाजूवर दोन्हीकडून बर आणली, मग कोटिक्यूलवर आलो. पृष्ठभागावर थोडं पाणी घेऊन सोबतचा छोटा तुकडा गोल गोल घासला की दुधासारखी पातळ पेज तयार होते. हा दगड आधी भिजत घालावा लागत नाही, ही मोठी सोय. सुरी फिरवायला लागलं की ती पेज पाच-सहा हातांतच राखाडी होते. म्हणजे पोलाद निघतंय. मग दर थोड्या वेळाने बोटाने एकेक थेंब पाणी टाकत पेज पातळ करत जायचं. शेवटी नुसतं स्वच्छ पाणी उरतं, आवाज जवळजवळ थांबतो आणि पातं दगडाला किंचित धरून चालल्यासारखं वाटतं. त्या सुरीने इसवणीची पोस्तं (काप) केली तेव्हा मधल्या काट्यापर्यंत मांस कुठेही फाटलं नाही, कडा काचेसारख्या निघाल्या. सासूबाई चिनीमातीची बरणी उलटी करून तळाच्या खरखरीत कड्यावर सुरी घासतात आणि त्यांची सुरी चांगलीच चालते. त्यांनीही माशाचा तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

धार इतकी बारीक का येते? गार्नेटचे कण साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे, म्हणजे तसे मोठेच. पण ते बारा पैलूंचे असतात आणि त्यांचे कोन बोथट, त्यामुळे पोलादावर ओरखडा उथळ पडतो. म्हणूनच या दगडाला ग्रिटचा, म्हणजे दगड किती बारीक आहे हे सांगणारा, एक आकडा चिकटवता येत नाही. पेज दाट असेल तर भरभर कापतो, नुसत्या पाण्यावर फक्त झिलई देतो. विक्रेते ८००० वगैरे आकडा लिहितात तो धारेच्या गुणावरून. तो वाचून किंग १०००-६००० या जपानी कृत्रिम दगडाच्या शेजारी मांडू नका, दोन्हींची जातच वेगळी. मित्राच्या अर्कान्सा या अमेरिकन नैसर्गिक दगडावरही सुरी लावून पाहिली. त्यातले क्वार्ट्झचे कण घट्ट बसलेले, दगडाची पेज होत नाही. मला तो फार सावकाश वाटला.

दारावर चाक घेऊन येणाऱ्याकडे मात्र ही सुरी कधीच देणार नाही. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि धारेवर निळी छटा आली, की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून काढेपर्यंत धार टिकत नाही. हाताने, पाण्यात घासताना ती भीतीच नाही.

कार्बन स्टीलला पावसात गंज चढतो, तो वेगळा जाच. कोकम, कैरी, लिंबू कापून झालं की लगेच धुऊन, पुसून खोबरेल तेलाचं बोट. स्टेनलेस भाजीपुरती ठेवली आहे आणि तिला कार्बोरंडमची बारीक बाजू पुरते.

म्हणजे घ्यावा का? घरात फक्त स्टेनलेस असेल तर पैसे घालवू नका. कार्बन स्टीलची एखादी सुरी असेल आणि मासे घरी कापत असाल तर जरूर घ्या, पण आधी सांधा विचारा. पिवळा कोटिक्यूल आणि त्याला लागून असलेला निळसर दगड, असे दोन थर खाणीतच एकमेकांना जुळून आलेला तुकडाही मिळतो. तो महाग असतो, पण त्यात डिंकच नाही. गोव्याच्या हवेत ते जादा पैसे मी आज डोळे झाकून देईन. वेडावाकडा कापलेला तुकडा स्वस्त पडतो. धारेत फरक नाही, सुरी फिरवायला लांबी तेवढी पुरेशी बघा.

माझ्या दगडाची फट पूर्ण वाळवून तिच्यात इपॉक्सी भरली आहे, वर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवला. सध्या टक् आवाज बंद आहे. दर वापरानंतर उभा ठेवतो, सांधा वरच्या बाजूला. विक्रेत्याला शेवटचं एवढंच लिहिलं की पैसे नकोत, निदान वस्तूच्या वर्णनात ‘मागे स्लेट चिकटवलेली आहे’ हे एक वाक्य घाला. आज सकाळी पाहिलं, अजून घातलेलं नाही.