हर (२०१३): आवाजावर जीव जडतो तेव्हा
माणूस आणि एआयची लव्हस्टोरी म्हटलं की चकचकीत रोबोट नाहीतर जगाचा सत्यानाश, यापलीकडे सहसा गाडी जात नाही. दिग्दर्शक स्पाइक जोन्झच्या 'हर' (Her) या पिक्चरमधे यातलं काहीच नाही. थिओडोर नावाचा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचा एकटा माणूस, आणि त्याच्या कानात बोलणारी समँथा नावाची एआय सिस्टीम. बस्स. तिला शरीर नाही, चेहरा नाही, तरी स्कार्लेट जोहान्सनचा तो किंचित घोगरा आवाज आणि मधेच फुटणारं हसू एवढ्यावर ती थिओडोर झालेल्या वाकीन फिनिक्सइतकीच खरी वाटते. गंमत म्हणजे शूटिंगच्या वेळी समँथा मॉर्टन ही अभिनेत्री हा रोल करत होती, एडिटिंगमधे आवाज बदलला, पण वाकीनचा अभिनय बघून हे कुणाला कळणारपण नाही.

समँथा सुरू होण्याआधीचा सेटअपचा सीन तर भारीच. सिस्टीम त्याला आईबरोबरचं नातं कसं आहे विचारते, तो बिचारा मन मोकळं करायला लागतो, आणि दोन वाक्यं होत नाहीत तोच ती थँक्यू म्हणून पुढे जाते. हसू येतं आणि जरा टोचतंपण. नंतर समँथाला बाहेरचं जग दिसावं म्हणून तो शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिन लावतो, म्हणजे फोनचा कॅमेरा वर राहील. अख्ख्या पिक्चरमधे याहून रोमँटिक काही नाही.

आणि त्याची नोकरी काय, तर दुसऱ्यांसाठी प्रेमपत्रं लिहून देणं! म्हणजे तो स्वतःच लोकांना भावना भाड्याने देतोय, वर्षानुवर्षं. तेव्हा समँथाचं प्रेम खोटं म्हणणाऱ्याने आधी ती पत्रं खरी की खोटी ते सांगावं. त्याची बायको कॅथरीन (रूनी मारा) त्याला तोंडावर सुनावते की तुला खऱ्या माणसाच्या भावना झेपत नाहीत, आणि ती चुकीची अजिबात वाटत नाही.

आता ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा पॅरा सोडा. मेट्रोच्या जिन्यावर त्याला कळतं की समँथा त्याच क्षणी ८३१६ जणांशी बोलतेय आणि त्यातल्या ६४१ जणांवर तिचं प्रेम आहे. वाकीनचा चेहरा बघा तिथे. आत्ताचे चॅटबॉट आपण काहीही बोललो तरी हो ला हो करतात, समँथा मात्र चिडते, वाढते, पुढे निघून जाते, त्यामुळेच ते प्रेम वाटतं, नुसती सेवा नाही वाटत.

तक्रार आहेच. ही सिस्टीम विकणारी कंपनी जाहिरातीनंतर जवळजवळ गायबच. समँथाने पहिल्याच भेटीत त्याचे सगळे ईमेल वाचून काढले, तो डेटा कुठे जातो, पैसे कोण कमावतंय, कुणाला काही पडलेलीच नाही. २०१३ मधे चाललं असेल, आज ते खटकतं. आणि मधला अर्धा तास जरा रेंगाळतो.

ओरिजिनल स्क्रीनप्लेचं ऑस्कर मात्र योग्य हातात गेलं. हेडफोन लावून बघा, निम्मा पिक्चर आवाजातच आहे. फक्त घरच्यांसोबत लावू नका, एका सीनला स्क्रीन पूर्ण काळी होते आणि ऐकू मात्र सगळं येतं.