कॉलेजमधली अंतर्गत समिती: सेवा म्हणून कशी आहे आणि तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी. बऱ्याच ठिकाणी फलकावर अजून ‘विशाखा समिती’ किंवा ‘महिला तक्रार निवारण समिती’ असं जुनं नाव दिसतं. तिला आधार आहे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांचा. हे नियम २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले. ही सेवा विनामूल्य आहे, वकिलाशिवाय चालते आणि ९० दिवसांत चौकशी संपवण्याचं बंधन तिच्यावर आहे. आमचं मत थोडक्यात असं: आराखडा चांगला, अंमलबजावणी कॉलेजागणिक वेगळी, आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे चौकशी चालू असतानाच मिळू शकणारा दिलासा. तोच भाग तक्रार करणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

आधी दर्शनी भाग. समितीच्या सदस्यांची नावं आणि संपर्क ठळक जागी लावलेले असले पाहिजेत. एवढी एक गोष्ट पाहिली तरी कॉलेजचा अंदाज येतो. फलक प्राचार्यांच्या केबिनच्या आतल्या भिंतीवर असेल, यादीतल्या बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या असतील आणि फोन नंबर ऑफिसच्या लँडलाइनचा असेल, तर समिती नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीपुरती आहे असं समजायला हरकत नाही. चांगला फलक लेडीज रूममध्ये, वसतिगृहाच्या जिन्यात, कँटीनमध्ये, मुलांच्या बाजूलाही असतो. त्यावर मोबाइल क्रमांक, स्वतंत्र ईमेल आणि सदस्य कुठल्या खोलीत कधी भेटतील ते लिहिलेलं असतं.

समितीची रचना तपासणं सोपं आहे. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापकच हव्यात. त्यांच्याशिवाय दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक व्यक्ती. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत, आणि ते निवडून आलेले. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या माणसांना सदस्य होता येत नाही. गडबड नेहमी दोन जागी होते. विद्यार्थी प्रतिनिधी निवडणुकीने येत नाहीत, सर आपल्या मर्जीतल्या तिघांची नावं टाकतात. आणि बाहेरची सदस्य म्हणून संस्थाचालकांच्या नात्यातल्या किंवा संस्थेच्याच दुसऱ्या शाळेतल्या बाई बसवल्या जातात. बाहेरची व्यक्ती खरोखर बाहेरची असेल तर बैठकीत कुणीतरी ‘कॉलेजचं नाव खराब होईल’ म्हणताच तिथेच थांबवणारं माणूस असतं. समितीचा दर्जा ठरवताना आम्ही सगळ्यात जास्त वजन या एका खुर्चीला देतो.

आता तक्रार. ती लेखी लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. हे गांभीर्याने घ्या. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतीबाहेर ठरली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची धरली गेली, तक्रार डिसेंबरात आली होती. कॉलेजात तर तीन महिने अंतर्गत परीक्षा, प्रॅक्टिकल, सबमिशन यांतच जातात, आणि ‘सरांच्या हातात माझे मार्क आहेत, निकाल लागला की बघू’ असा विचार करणारी मुलगी निकालाच्या दिवशी मुदतीबाहेर गेलेली असते. आमच्या मते या सेवेतला हा सगळ्यात मोठा दोष आहे. तो नियमातलाच आहे, त्यामुळे चांगली समितीही तो पूर्ण भरून काढू शकत नाही. उशीर झालाच असेल तर अर्जात स्वतंत्र परिच्छेद घालून कारण लिहा: आजारपण, धमकी, परीक्षा, घरचा दबाव. जोडायला काही असेल तर जोडा. मुदत वाढवल्याचं कारण समितीनेही लेखी नोंदवायचं असतं.

अर्ज कसा लिहावा? साहित्यिक नको. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं, काय केलं, तिथे आणखी कोण होतं, नंतर कुणाला सांगितलं. शब्द जसे उच्चारले तसेच लिहा. ‘अश्लील बोलले’ या दोन शब्दांवर चौकशीत काहीच उभं राहत नाही. अनेक घटना असतील तर प्रत्येक घटनेला क्रमांक द्या. नक्की तारीख आठवत नसेल तर ‘दुसऱ्या सत्राच्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यात’ असं लिहिलेलं चालतं. अंदाजाने चुकीची तारीख टाकली तर समोरची बाजू त्याच एका तारखेवरून सगळा अर्ज खोटा पाडायला बघते. मेसेजचे स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मूळ चॅट डिलीट करू नका, फोन विकू किंवा रीसेट करू नका. कायद्याच्या नियमांत कागदपत्रांसह सहा प्रती मागितल्या आहेत. सातवी स्वतःसाठी ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. पोहोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज समितीच्या ईमेलवर पाठवा. तीन महिन्यांचा आणि ९० दिवसांचा हिशोब या पोहोचेवरूनच होतो. लिहिणं जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. मानसिक किंवा शारीरिक स्थितीमुळे स्वतः तक्रार करणं शक्य नसेल तर मैत्रीण, नातेवाईक, सहाध्यायी किंवा समुपदेशकही ती देऊ शकतात. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही आयोगाच्या नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. ‘ही फक्त मुलींची समिती’ असं सांगून कुणाला परत पाठवलं, तर तेही लेखी मागा.

जागेबद्दलही गैरसमज फार. वसतिगृह, कँटीन, पार्किंग, कॉलेजची बस, शैक्षणिक सहल, इंटर्नशिपची जागा हे सगळं नियमांच्या दृष्टीने परिसरातच येतं. ‘गेटच्या बाहेर घडलं, आमचा संबंध नाही’ हे उत्तर चालत नाही. त्रास देणारा बाहेरचा माणूस असला, म्हणजे ठेकेदाराचा कामगार किंवा पाहुणा वक्ता, तरी कॉलेजला हात वर करता येत नाहीत.

तक्रार पोचल्यावर सात दिवसांत तिची प्रत समोरच्या व्यक्तीला जाते. तिला उत्तर द्यायला दहा दिवस मिळतात. हाच काळ सगळ्यात कठीण. आरोपीला तक्रार कळलेली असते, दोघं एकाच वर्गात बसतात किंवा तेच सर उद्या तोंडी परीक्षा घेणार असतात, आणि मित्रमंडळींकडून ‘मिटवून टाक’चे फोन सुरू होतात. अंतरिम उपाय याचसाठी आहेत. समितीच्या शिफारशीवरून दोघांपैकी एकाला दुसऱ्या विभागात किंवा तुकडीत हलवता येतं. तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळते, तीही तिच्या हक्कांना धक्का न लागता. आरोपीला तिचे पेपर तपासण्यापासून, मार्क देण्यापासून, कामाचा अहवाल लिहिण्यापासून रोखता येतं. अंतर ठेवण्याची ताकीद देता येते, आणि ठोस धोका असेल तर परिसरात यायलाच बंदी घालता येते. हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. म्हणून मूळ अर्जाच्या शेवटी ‘अंतरिम उपायांची मागणी’ असं शीर्षक देऊन नेमकं लिहा: ‘माझ्या टर्मवर्कचं मूल्यमापन अन्य शिक्षकांकडून व्हावं’, ‘माझी प्रॅक्टिकलची बॅच बदलू नये, त्यांची बदलावी’. दुसरं वाक्य मुद्दाम दिलं आहे. सोयीचं म्हणून नेहमी मुलीलाच हलवलं जातं, तिच्या मैत्रिणी, तिची बॅच, तिचा गाइड सुटतो, आणि शिक्षा तिलाच झाल्यासारखी वाटते. समितीने हा अर्ज पहिल्याच बैठकीत, आठवड्याच्या आत निकाली काढला तर समिती जागी आहे. ‘चौकशी झाल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर त्यांना या तरतुदीचा अर्थच समजलेला नाही.

सलोख्याचाही मार्ग आहे, पण तो तक्रारदाराने मागितला तरच, आणि पैसे देऊन तडजोड करायला सक्त मनाई. प्राचार्यांनी दोन्हीकडच्या पालकांना बोलावून चहा पाजणं आणि माफीनामा लिहून घेणं म्हणजे सलोखा नव्हे. तसं झालं तर समितीकडे नोंद करा.

प्रत्यक्ष चौकशीत समित्या दोन टोकांना चुकतात. एक म्हणजे रेंगाळणं. दुसरं टोक घाईचं, आणि त्याची किंमत तक्रारदारच मोजतात. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या. समितीने पाठोपाठ बैठका लावल्या, विभागप्रमुखाने आजारपणामुळे मागितलेली मुदत पुरेशी दिली नाही आणि त्याच्या गैरहजेरीत काम पुरं केलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! त्या मुली तोवर कुठल्या कुठे गेलेल्या. म्हणून आरोपीला पुरेशी संधी मिळते आहे हे पाहून तक्रारदाराने धास्तावू नये. त्यातूनच निकाल टिकतो. एकतर्फी निर्णय घ्यायचा तर सलग तीन सुनावण्यांना गैरहजेरी आणि त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते.

संधी देणं म्हणजे समोरासमोर बसवणं नव्हे, हेही तितकंच पक्कं आहे. रांचीच्या मेडिकल कॉलेजात मुलींच्या वसतिगृहात रात्री घुसलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की साक्षीदार मुलींची नावं न उघडणं आणि आरोपींच्या माघारी त्यांचे जबाब घेणं त्या परिस्थितीत गैर नव्हतं. त्यामुळे वेगळी खोली, पडदा, व्हिडिओवरून जबाब, उलटतपासणीचे प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांनी विचारणं, हे सगळं मागा. आधीच्या नात्यांबद्दल, कपड्यांबद्दल प्रश्न आले तर ‘या प्रश्नाचा तक्रारीशी संबंध काय ते नोंदवा’ एवढंच म्हणा. प्रत्येक जबाबावर सही करण्याआधी वाचा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या, प्रत मागा. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल जातो, प्रत दोन्ही बाजूंना मिळते. व्यवस्थापनाने ३० दिवसांत कार्यवाही करायची. शिफारस नाकारायची तर कारण लेखी द्यायचं. दोन्ही बाजूंना अपिलासाठी ३० दिवस. आरोपी विद्यार्थी असेल तर वसतिगृह, ग्रंथालय, शिष्यवृत्ती बंद करण्यापासून नाव काढून टाकण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते, सक्तीचं समुपदेशनही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. खोट्या तक्रारीच्या कलमाची भीती घालणाऱ्या शिक्षकांना ते उघडून दाखवा.

बलात्कार किंवा शारीरिक हल्ला झाला असेल तर समिती हा पहिला दरवाजा नाही. आधी रुग्णालय. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे २८ दिवस. गर्भधारणा टाळण्याची गोळीही शक्यतो ७२ तासांत, फार तर पाच दिवसांत. शक्य असेल तर अंघोळ करू नये. कपडे धुऊ नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते आणि पुरावा बिघडतो. अंघोळ झाली असली तरीही जावंच. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने उपचार मोफत करायचे आणि आधी एफआयआर आणा म्हणायचं नाही. नाकारणं हा गुन्हा आहे. ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत बोटं घालून केली जाणारी तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध ठरवली आहे, कुणी केली तर ते गैरवर्तन. एफआयआर कुठल्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी १५१००, मनाच्या आधारासाठी टेलि-मानस १४४१६. जिल्ह्याच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय मदत, पोलिस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळतो. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं लागतं. पोलिसांत गेलात म्हणून समितीचा मार्ग बंद होत नाही, दोन्ही एकाच वेळी चालतात. मुलगी अठराच्या आतली असेल, आणि अकरावी-बारावीच्या मुली असतातच, तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) लागू होतो आणि माहिती मिळालेल्या शिक्षकाला ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. म्हणून ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन शिक्षकांनी तिला देऊ नये.

मैत्रिणीने विश्वासाने सांगितलं तर आधी ऐकावं. ‘तू तिथे गेलीस कशाला’ आणि ‘तेव्हाच ओरडली का नाहीस’ ही दोन वाक्यं गिळून टाका. शरीर थिजून जाणं ही भीतीची नेहमीची प्रतिक्रिया आहे. काय करायचं ते तिने ठरवावं. तुम्ही सोबत जा, तारखा लिहून ठेवा, जेवलीस का विचारा, वर्गाच्या नोट्स पोचवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव टाकू नका, पाठिंब्यासाठीसुद्धा नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्यात नाव उघड करणं हाच वेगळा गुन्हा आहे, आणि समितीपुढच्या प्रकरणातही गोपनीयता सगळ्यांना लागू आहे.

जनजागृतीच्या कार्यक्रमांना आम्ही कमी गुण देतो. आठ मार्चला सभागृहात तीनशे मुली, कराटेचं प्रात्यक्षिक, ‘काळजी घ्या’वर भाषण, फोटो, फाइल. मुलगे त्या तासाला मैदानावर. उपयोगी सत्र प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात, चाळीस-पन्नास जणांच्या गटात, मुलगे-मुली एकत्र, दीड तासाचं असावं. समितीचे सदस्य समोर दिसावेत, अर्जाचा नमुना हातात यावा, आणि तीन-चार प्रसंगांवर बोलणं व्हावं: नकारानंतरही येणारे मेसेज, लॅबमध्ये मुद्दाम चिकटून उभे राहणारे सर, मित्राने फिरवलेला फोटो. बघ्याने काय करावं हे तिथेच शिकवता येतं: मध्येच काही काम काढून तिला बाजूला घेणं, एकट्याने न भिडता आणखी दोघांना बोलावणं, नंतर साक्ष देणं.

कॉलेजात समितीच नसेल, खासगी क्लासमध्ये दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील, किंवा तक्रार थेट संस्थेच्या मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते आणि ती संबंधित समितीकडे जाते. तिथेही मजकूर तोच लागतो, म्हणून क्रमांक घातलेल्या घटनांची प्रत आधी तयार ठेवा आणि मगच फॉर्म उघडा.